दरोडा लिहिण्याआधी माणसं मोजा: ‘आर्म्ड रॉबरी’चा अर्थ आणि मराठीतला वापर

प्रश्न असा आहे: ‘आर्म्ड रॉबरी’ म्हणजे नेमकं काय, त्याला ‘सशस्त्र दरोडा’ म्हटलं तर चालतं का, आणि दोघांनी चाकू दाखवून दुकानाचा गल्ला रिकामा केला तर बातमीत किंवा भाषांतरात कोणता शब्द घालायचा?

आधी थेट उत्तर. दोघांनी केलं असेल तर ती ‘जबरी चोरी’. चाकू होता, म्हणून ‘चाकूचा धाक दाखवून जबरी चोरी’. आटोपशीर नाव हवं असेल तर ‘सशस्त्र जबरी चोरी’. ‘दरोडा’ हा शब्द भारतीय कायद्याच्या मराठीत पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी मिळून केलेल्या जबरी चोरीसाठी राखलेला आहे. दोन, तीन, चार माणसांनी कितीही मोठी रक्कम नेली, हातात पिस्तूल असलं, रक्त सांडलं, तरी तो दरोडा होत नाही. आणि पाच जणांनी नुसत्या हातांनी एखाद्याला धरून खिसे रिकामे केले तर तो दरोडा होतो. हत्याराचा दरोड्याच्या व्याख्येशी काहीही संबंध नाही. गोंधळ सगळा इथेच होतो.

गोंधळाचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. भारतीय दंड संहितेच्या इंग्रजीत ‘रॉबरी’ आणि ‘डकॉइटी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीने त्यांना ‘लूट’ आणि ‘डकैती’ केलं, मराठीने ‘जबरी चोरी’ आणि ‘दरोडा’. पण बोलण्यातला ‘दरोडा’ (जुन्या मराठीत दरवडा) कायद्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, आणि त्यात माणसं मोजण्याची अट नाही. धाडसाने, उघडपणे मोठा ऐवज लुटला की तो दरोडा. इंग्रजी-मराठी शब्दकोशांत ‘रॉबरी’समोर बिनदिक्कत ‘दरोडा’ लिहिलेलं सापडतं ते त्यामुळेच. कट्ट्यावरच्या गप्पांत त्याने काही बिघडत नाही. फिर्यादीत, आरोपपत्राच्या भाषांतरात, वकिलाच्या नोटिशीत आणि बातमीत मात्र बिघडतं, कारण साध्या जबरी चोरीची कमाल शिक्षा 10 वर्षं आहे आणि दरोड्याची जन्मठेप. एका शब्दाने आपण आरोपीला वरच्या गुन्ह्यात बसवतो.

म्हणून घटना समोर आली की तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, एकात एक मिसळायचे नाहीत. जबरदस्ती झाली का? किती जण होते? हत्यार होतं का, आणि त्याचं काय केलं? ‘जबरी’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, ‘दरोडा’ दुसऱ्याचं, ‘सशस्त्र’ तिसऱ्याचं.

जबरदस्ती कशाला म्हणायचं

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना अजूनही जुनी भारतीय दंड संहिताच लागते, त्यामुळे दोन्ही आकडे लक्षात ठेवावे लागतात. जबरी चोरीची व्याख्या जुन्या कलम 390 मध्ये होती, आता कलम 309 मध्ये आहे. शब्द जवळजवळ तेच आहेत.

व्याख्येची सुरुवात अशी: प्रत्येक जबरी चोरीच्या पोटात एक तर चोरी असते, नाहीतर बळजबरीने उकळणं असतं. उकळण्याला कायद्याच्या मराठीत ‘बलाद्ग्रहण’ असा जड शब्द आहे; बोलण्यात आपण खंडणी म्हणतो. चोरी ‘जबरी’ कधी होते? चोरी करण्यासाठी, करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना आरोपी ‘त्या हेतूने’ कोणाला ठार मारतो, दुखापत करतो, अडवून धरतो, किंवा यांपैकी काही तत्काळ होईल अशी भीती घालतो तेव्हा. यांचा नुसता प्रयत्नसुद्धा पुरतो.

‘त्या हेतूने’ हे दोन शब्द वाचताना निसटतात आणि कोर्टात तेच निर्णायक ठरतात. चोराने बॅग उचलली, मालक मागे धावला, चोराने बॅग हातात ठेवून त्याच्यावर दगड भिरकावला: दगड माल घेऊन जाण्यासाठी मारला, जबरी चोरी झाली. त्याच चोराने बॅग टाकून दिली आणि पकडलं जाऊ नये म्हणून दगड मारला: चोरी वेगळी, दुखापत वेगळी, जबरी चोरी नाही. म्हणून फिर्याद लिहिताना दगड मारला त्या क्षणी बॅग कुठे होती हे लिहिलंच पाहिजे. बहुतेक फिर्यादींत ते नसतं. मग उलटतपासणीत बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘तत्काळ’. संहितेतच दिलेली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. रस्त्यात बाप आणि मूल भेटतात. आरोपी मुलाला उचलतो आणि पाकीट दिलं नाहीस तर कड्यावरून फेकून देईन म्हणतो. बाप पाकीट देतो. ही जबरी चोरी. दुसऱ्या उदाहरणात आरोपी सांगतो की तुझं मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, 10 हजार रुपये पाठवले नाहीस तर त्याला मारून टाकू. धमकी कमी भयंकर नाही, तरी हे बलाद्ग्रहण. तत्काळ मरणाची भीती घातलेली नसेल तर ती जबरी चोरी नव्हे. पहिल्यात आरोपी समोर आहे, भीती आत्ताची आहे आणि वस्तू तिथल्या तिथे हातात पडते. या तिन्ही गोष्टी जमल्या तरच उकळण्याची जबरी चोरी होते. फोनवरून गोळ्या घालण्याची धमकी देऊन दुसऱ्या दिवशी पैसे नेले, तर बंदुकीचा कितीही उल्लेख झालेला असो, तिथे ‘आर्म्ड रॉबरी’ नाही, खंडणी आहे. तिचं नवं कलम 308.

दुखापतीसाठी हत्यार लागत नाही हेही इथेच सांगून टाकतो. डोळ्यांत मिरचीपूड फेकणं ही दुखापत आहे. हात पिरगाळणं ही दुखापत आहे. दुकानाचं शटर आतून ओढून मालकाला कोपऱ्यात उभं करणं हा गैरनिरोध (बेकायदा अडवून धरणं) आहे, त्याला बोटसुद्धा लावलेलं नसलं तरी.

पाचाचा आकडा

दरोड्याची व्याख्या जुनी कलम 391, नवी 310(1). पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली किंवा करण्याचा प्रयत्न केला, तर त्यांतल्या प्रत्येकाने दरोडा घातला असं धरतात. मोजणीत फक्त आत शिरलेले धरायचे नाहीत. जागेवर हजर राहून मदत करणारेही मोजायचे. तिघे दुकानात, एक दारात पहाऱ्याला, एक मोटरसायकल चालू ठेवून बसलेला: पाच झाले, पाचही जण दरोडेखोर. मात्र आदल्या आठवड्यात माहिती पुरवणारा आणि घटनेच्या वेळी दुसऱ्या गावात असलेला माणूस या पाचात येत नाही. त्याच्यावर कटाचं किंवा चिथावणीचं कलम लागेल, पण पाचवा म्हणून त्याला मोजून चौघांच्या जबरी चोरीचा दरोडा करता येत नाही.

या व्याख्येत प्रयत्नही आत घेतलेला आहे, त्यामुळे एक गंमतशीर वाटणारी पण पक्की गोष्ट होते: कायद्यात ‘दरोड्याचा प्रयत्न’ असा वेगळा साधा गुन्हाच नाही. पाच जण कोयते घेऊन पेढीत शिरले, सायरन वाजला आणि हात हलवत पळाले, तरी दरोडा पूर्ण झाला. बातमीत ‘दरोड्याचा प्रयत्न फसला’ लिहिणं मराठी म्हणून योग्य आहे, वाचकाला काय घडलं ते कळतं. पण त्यावरून कलम हलकं असेल असा समज करून घेऊ नये. जबरी चोरीत तसं नाही; तिथे प्रयत्नाला वेगळं पोटकलम आहे, 309(5), आणि कमाल 7 वर्षं सश्रम कारावास.

दरोड्याच्या बाबतीत कायदा आणखी मागे जातो. दरोडा घालण्यासाठी नुसतं जमणं हाही गुन्हा, 310(5), कमाल 7 वर्षं. तयारी करणं हाही, 310(4), कमाल 10 वर्षं. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ हा मथळा आपण वर्षानुवर्षं वाचतो तो याच कलमांचा. अशा पंचनाम्यात वस्तूही ठरलेल्या असतात: एक कोयता, एक कटावणी, नायलॉनची दोरी, मिरचीपुडीची पुडी, दोन विना क्रमांकाच्या मोटरसायकली. यातली एकेक वस्तू निरुपद्रवी आहे. दोरी घरोघरी असते. पाच माणसं, रात्रीची वेळ, आडोशाची जागा आणि या सगळ्या वस्तू एकत्र असल्याने तयारीचा अर्थ निघतो. म्हणूनच या खटल्यांत फक्त वस्तू दाखवून भागत नाही. ही माणसं इथे दरोड्यासाठीच जमली होती हे दाखवणारा दुवा लागतो. तो नसला की खटला कोसळतो, आणि असे खटले खूप कोसळतात.

पाचाच्या आकड्याचा खरा कस लागतो तो निकालाच्या वेळी. पाच जणांवर नाव घेऊन आरोप ठेवला आणि दोघांविरुद्ध पुरावा न मिळाल्याने ते सुटले, तर उरलेल्या तिघांना दरोड्यासाठी शिक्षा देता येत नाही. अपवाद एकच: त्या तिघांखेरीज आणखी किमान दोन अनोळखी माणसं हजर होती असा निष्कर्ष पुराव्यावरून न्यायालयाने काढला पाहिजे. म्हणून फिर्यादीत ‘चार-पाच इसम’ असं मोघम लिहिणं फार महागात पडतं. चार की पाच, हाच तर प्रश्न आहे. साक्षीदाराला खात्री नसेल तर तसं स्पष्ट लिहावं, पण प्रत्येकाला वेगळं ओळखता येईल अशी खूण (उंची, कपडे, कोण काय बोललं, कोण कुठे उभा होता) माणसागणिक नोंदवावी. मोजणी त्यातूनच सिद्ध होते.

आता हत्यार

भारतीय कायद्यात ‘आर्म्ड रॉबरी’ नावाचा वेगळा गुन्हा नाही. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. आहे ते असं: जबरी चोरी किंवा दरोडा घालताना आरोपीने प्राणघातक हत्यार वापरलं, जबर दुखापत केली, किंवा ठार मारण्याचा अथवा जबर दुखापतीचा प्रयत्न केला, तर शिक्षा 7 वर्षांपेक्षा कमी देता येणार नाही. जुनं कलम 397, नवं 311. हे कलम एकटं उभं राहत नाही. ते 309 किंवा 310 च्या जोडीने लागतं आणि किमान शिक्षा ठरवतं. आणखी एक कलम आहे, जुनं 398, नवं 312: जबरी चोरीचा किंवा दरोड्याचा प्रयत्न करताना आरोपीजवळ प्राणघातक हत्यार असेल तरीही किमान 7 वर्षं.

एका कलमात ‘वापरलं’, दुसऱ्यात ‘जवळ असलं’. शब्दांतला हा फरक न्यायालयांना फार काळ भेडसावत होता. चाकू हातात धरला पण भोसकला नाही, तर तो वापरला म्हणायचा का? सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये याचं उत्तर दिलं: समोरच्याला दिसेल आणि तो घाबरेल अशा रीतीने हत्यार हातात धरलं तर तो वापरच आहे. वार करणं आवश्यक नाही. मराठीतला ‘धाक दाखवणे’ हा प्रयोग या अर्थाला इतका चपखल बसतो की भाषांतर करताना दुसरा शब्द शोधायची गरज नाही. कमरेला खोचलेला, शर्टाखाली झाकलेला, कोणालाच न दिसलेला चाकू मात्र वापरलेला होत नाही. अटकेनंतर तो झडतीत सापडला, तरी 311 लागण्यात अडचण येते.

त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे, आणि 2007 व 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ठासून सांगितली: किमान 7 वर्षांची शिक्षा ज्याने हत्यार वापरलं त्यालाच. चौघांपैकी एकाच्या हातात पिस्तूल होतं तर 311 त्या एकालाच. इतर तिघांना ‘सगळे मिळून आले होते’ म्हणून ते लावता येत नाही. याच्या उलट 309(6) पाहा. जबरी चोरी करताना दुखापत केली तर तिथे दुखापत करणारा आणि त्याच्यासोबत सामील असलेले इतरही शिक्षेला पात्र, जन्मठेपेपर्यंत. आणि 310(3) तर आणखी कडक: पाच जणांच्या दरोड्यात एकाने खून केला तर पाचही जणांना फाशी, जन्मठेप किंवा किमान 10 वर्षं. म्हणजे खून आणि दुखापत यांची जबाबदारी सगळ्यांवर पसरते, हत्याराची मात्र ज्याच्या हातात असेल त्याच्यापुरती. आरोपपत्रात सरसकट सगळ्यांवर 311 लावलेलं दिसलं तर समजावं की वरच्या न्यायालयात हे टिकणार नाही. बातमीतही ‘सशस्त्र चौघे’ लिहिण्याआधी चौघांच्याही हातात हत्यार होतं का हे विचारावं. नसेल तर ‘चौघांनी, त्यांपैकी एकाने पिस्तुलाचा धाक दाखवून’ असं लिहिता येतं. वाक्य जरा लांबतं, पण खरं राहतं.

‘प्राणघातक हत्यार’ कशाला म्हणायचं हे संहितेत सांगितलेलं नाही. पिस्तूल, तलवार, खंजीर यांबद्दल वाद नसतो. चाकूबद्दल नेहमी असतो, कारण चाकू पेन्सिल तासायचाही असतो. इथे जप्तीचा पंचनामा उपयोगी पडतो किंवा घात करतो. ‘एक धारदार चाकू’ एवढंच लिहिलेला पंचनामा जवळजवळ निरुपयोगी. चांगल्या पंचनाम्यात एकूण लांबी, पात्याची लांबी, सर्वांत रुंद जागी पात्याची रुंदी, एका बाजूला धार की दोन्ही, टोक अणकुचीदार की बोथट, मूठ लाकडी की प्लॅस्टिकची, पात्यावर डाग आहेत का आणि कुठे, हे सगळं असतं. चाकू पट्टीशेजारी ठेवून त्याची आकृती काढतात, कागदात गुंडाळून लाखेची मोहोर करतात, आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत-बाहेर लावतात. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करावं लागतं. हत्यार सापडलंच नाही तर खटला संपत नाही. पण मग साक्षीदाराने केलेलं वर्णन हाच आधार उरतो. ‘हत्यार दाखवलं’ एवढं वर्णन पुरत नाही.

कोयत्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त रंगणारा आहे. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालचे 2016 चे नियम पाहिले तर 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. कोयता तर ऊस तोडायचं अवजार. त्यामुळे शस्त्र अधिनियमाच्या कलमावर बचाव पक्ष हटकून बोट ठेवतो. पण हा युक्तिवाद 311 ला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे प्रश्न परवान्याचा नाही. या वस्तूने माणूस मरू शकतो का आणि ती कशासाठी उगारली, एवढाच आहे. उसाच्या फडात कोयता अवजार, गळ्यावर टेकवला की प्राणघातक हत्यार. दोन कायद्यांच्या दोन कसोट्या आहेत, आणि एकातून सुटका म्हणजे दुसऱ्यातून सुटका नव्हे.

खेळण्यातल्या पिस्तुलाचं काय? लुटला गेलेला माणूस खरोखर घाबरला, तत्काळ मरणाची भीती वाटली, त्याने पैसे दिले: जबरी चोरी पूर्ण झाली, त्यात शंका नाही. पण 311 मध्ये ‘प्राणघातक हत्यार’ हे शब्द आहेत, हत्यारासारख्या दिसणाऱ्या वस्तूचा उल्लेख नाही. त्यामुळे किमान शिक्षेवर वाद उभा राहतो. अशा बातमीत ‘पिस्तुलासारखी वस्तू दाखवून’ हा पोलिसी वाटणारा प्रयोगच सर्वांत प्रामाणिक आहे.

हत्याराने आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे कोर्ट. साधी जबरी चोरी, अगदी दुखापतीसह, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालते. दरोडा, किंवा 311 आणि 312 ची प्रकरणं, सत्र न्यायालयात जातात. जबरी चोरीला आणखी एक जुनी अट चिकटलेली आहे: ती महामार्गावर आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली तर कमाल शिक्षा 10 ऐवजी 14 वर्षं. वाटमारीच्या काळापासून आलेली ही अट नव्या संहितेतही तशीच आहे, म्हणून संध्याकाळच्या घटनेत मिनिटापर्यंत वेळ लिहिलेली बरी.

जे यात येत नाही

घरात कोणी नसताना कुलूप तोडून दागिने नेले, ती घरफोडी. कितीही किलो सोनं असो, समोर माणूस नाही तर भीती कोणाला घालणार? ‘बंद बंगल्यावर दरोडा’ हा मथळा चुकीचा आहे. मात्र आवाजाने घरातलं कोणी जागं झालं आणि चोरांनी त्याला बांधून घातलं की त्या क्षणापासून जबरी चोरी सुरू, आणि चोर पाच असतील तर दरोडा.

गळ्यातली साखळी ओढून पळणं याला आता वेगळं कलम आहे, 304, कमाल 3 वर्षं. झटक्यात हिसकावलं, एवढंच असेल तर ते. ओढण्यासाठी बाईंना खाली पाडलं, हाताला चावा घेतला, चाकू दाखवला, तर परत 309.

बँकेच्या अधिकाऱ्याने खोटी कर्जं दाखवून पैसे हडपले तर तो अपहार. अग्रलेखात त्याला ‘ठेवीदारांच्या पैशांवर दरोडा’ म्हणता येतं, ते अलंकारिक आहे आणि वाचकाला कळतं. बातमीच्या पहिल्या वाक्यात नको.

परदेशी बातमीचं भाषांतर

इथे पाचाचा नियम सोडून द्यायचा, कारण तो आपल्या कायद्यातला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘रॉबरी’ची व्याख्या 1968 च्या थेफ्ट अ‍ॅक्टच्या कलम 8 मध्ये आहे आणि कमाल शिक्षा जन्मठेप. तिथेही ‘आर्म्ड रॉबरी’ हा वेगळा वैधानिक गुन्हा नाही. ते वर्णन आहे, आणि बंदूक असेल तर शस्त्रकायद्याचे आरोप सोबत लागतात. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक. मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, इलिनॉय यांच्या कायद्यांत ‘आर्म्ड रॉबरी’ नावाने स्वतंत्र गुन्हा आहे. मिशिगनमध्ये तर हत्यार आहे असं समोरच्याला वाटावं अशी वस्तू वापरली तरी पुरतं. कॅनडाच्या फौजदारी संहितेत हत्याराची नक्कलही चालते. अमेरिकेच्या संघीय बँक-लुटीच्या कायद्यात रिकामी, गोळी नसलेली बंदूकही ‘घातक हत्यार’ ठरते असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये सांगितलं. त्यामुळे ‘सशस्त्र’ शब्द वाचून खरी, भरलेली बंदूक होती असं भाषांतरात गृहीत धरू नये. मूळ बातमीत आरोपाचं नाव असेल तर ‘सशस्त्र जबरी चोरीचा आरोप’, नुसतं वर्णन असेल तर ‘बंदुकीच्या धाकाने लुटलं’.

सर्वांत फसवा वापर समुद्रावरचा. ‘आर्म्ड रॉबरी अगेन्स्ट शिप्स’ ही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची संज्ञा आहे, 2009 च्या ठरावातली. खुल्या समुद्रात एका जहाजावरून दुसऱ्यावर केलेला लुटीचा हल्ला म्हणजे चाचेगिरी. तसंच कृत्य एखाद्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात किंवा बंदरात झालं तर त्याला हे नाव. फरक जागेचा आहे. आणि गंमत म्हणजे या व्याख्येत हत्याराची अटच नाही! नांगरलेल्या जहाजावर रात्री चढून इंजिनाचे सुटे भाग नेणारे निःशस्त्र चोरही अहवालात याच सदरात मोजलेले दिसतात. इथे ‘जहाजावरील सशस्त्र दरोडा’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर बंदुकांचा थरार उभा राहतो. ‘जहाजांवरील सशस्त्र लूट’ ही संज्ञा म्हणून वापरावी आणि त्या घटनेत हत्यार होतं की नव्हतं हे पुढच्या वाक्यात सांगावं.

क्रियापदं

इंग्रजीत ‘रॉब’चं कर्म माणूस किंवा जागा, ‘स्टील’चं कर्म वस्तू. मराठीत ‘लुटणे’ दोन्ही पेलतं: प्रवाशाला लुटलं, दुकान लुटलं, रोकड लुटली. ‘चोरणे’ फक्त वस्तूचं. दरोडा घालतात किंवा टाकतात आणि तो पडतो; ‘दरोडा केला’ कानाला खटकतं. जबरी चोरी करतात. ‘लुबाडणे’ इथे टाळावं, त्यात फसवणुकीची छटा आहे. ‘हिसकावणे’ 304 साठी राखून ठेवावं. ‘सशस्त्र’ हे विशेषण आलं की ते कशाला लागतं ते पाहावं: ‘सशस्त्र दरोडेखोर’ सहज बसतं, ‘सशस्त्र चोरी’ अर्धवट वाटतं, कारण धाकाची गोष्टच त्यात येत नाही.

तर विचारलेल्या घटनेचं वाक्य असं होईल: ‘चाकूचा धाक दाखवून दोघांनी दुकानदाराला लुटले, गल्ल्यातील रोकड घेऊन पसार, जबरी चोरीचा गुन्हा दाखल.’ बाहेर मोटरसायकलवर तिसरा थांबला होता असं नंतर कळलं तर ‘तिघांनी’. रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक जण पहारा देत होता असं तपासात निघालं, तर पोलिस दरोड्याच्या शिक्षेचं पोटकलम 310(2) वाढवतील, आणि त्या दिवसापासून बातमीतही ‘दरोडा’.